बटण, बटण, बटण

एका गावात हेरंब नावाचा एक अ‍ॅप बनवणारा होता. हात गुणी, पण त्या गुणांची खबर त्याला जरा जास्तच होती. गावदेवीच्या उत्सवात गाणाऱ्यांची नावं पूर्वी देवळाच्या ओट्यावर तोंडी घेत. हेरंबाने त्यासाठी अ‍ॅप केलं. रंग देखणे, चित्रं सुबक. पंच खूश झाले आणि तोंडी नावं घेणं बंद झालं.

पहाटेची भूपाळी चाळीस वर्षं रंगनाथबुवा गात. बुवा जन्मांध होते. त्यांचा फोन पडद्यावरचं सारं वाचून दाखवी, म्हणून त्यांचं काही अडत नसे. पण या अ‍ॅपवर बोट फिरवलं, तर फोन म्हणाला, "बटण. बटण. बटण." कुठलं कशाचं, ते कळेना. हेरंबाने बटणांवर चित्रं काढली होती. ती काय आहेत हे फोनला सांगायचं राहून गेलं होतं.

बुवा काठी टेकत त्याच्या दारी आले. "हेरंबा, तेवढं दुरुस्त कर रे बाबा."

काम दुपारभराचं. पण एका माणसासाठी दुपार घालवणं हेरंबाच्या जिवावर आलं. "उत्सव उरकू द्या, मग बघतो. तोवर आणा फोन, मीच भरतो तुमचं नाव."

बुवांचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षं माझं नाव मी माझ्या तोंडानं दिलं. आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी देऊ?" आणि ते आल्या पावली परत गेले. म्हातारा हट्टी आहे, असं म्हणून हेरंबाने विषय सोडून दिला.

उत्सवाच्या पहाटे देऊळ भरलं. भूपाळीसाठी यादीत कोणीच नव्हतं. पुजाऱ्याने वाट पाहिली आणि शेवटी नुसतीच घंटा वाजवली. हेरंबाला मान वर करवेना.

घरी जाऊन त्याने काम हातात घेतलं. चहाच्या वेळेच्या आत ते संपलंही. याचंच त्याला फार वाईट वाटलं.

पुढल्या वर्षी बुवांनी पहिल्याच दिवशी आपलं नाव आपण भरलं. पण उत्सवाला आठ दिवस उरले असताना खोकल्याने त्यांचा गळा बसला, तो कायमचा. उत्सवाच्या पहाटे बुवा देवळाच्या पायरीवर बसून होते. हेरंब शेजारी टेकला. "बुवा, आता अ‍ॅप नीट चालतं ना?"

"चालतं की," बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण गळा तेव्हा होता रे."

तात्पर्य: वस्तू घडवतानाच ती सर्वांना वापरता येईल अशी घडवावी; मागाहून केलेली सोय अडलेल्याची गेलेली वेळ परत आणत नाही.