वयाच्या पंगती

नदीकाठच्या एका पेठेच्या गावी एकदा एक वृद्ध वैद्य होते आणि त्यांचा नरहरी नावाचा एक शिष्य होता. शिष्य मोठा हुशार. आता हुशारीची गंमत अशी, की ती नवीन असते तोवर माणसाला घरात ठेववत नाही, सगळ्या गावाला दाखवून आणावीशी वाटते. नरहरीचेही तसेच झाले.

त्या वर्षी तापाची मोठी साथ आली. घराघरात अंथरुणे पडली. पुष्कळ लोक बरे झाले, काही गेले. साथ उतरणीला लागल्यावर वैद्यबुवा दूरच्या खेड्यांतले रोगी पाहायला निघून गेले आणि गाव शिष्यावर सोपवले. ही संधी साधून नगरशेटांनी नरहरीला बोलावले आणि विचारले, की मरण कोणत्या आळीत जास्त आहे? शेटजी मनाने वाईट नव्हते, फक्त घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला बोट दाखवायला एखादी जागा लागते.

नरहरीने काम अगदी मन लावून केले. गावात दोन मोठ्या आळ्या होत्या. एकीत साळी कापड विणत, दुसरीत तांबट भांडी घडवत. नरहरी स्मशानाच्या वाटेवर जाऊन बसला आणि येणाऱ्या प्रत्येक प्रेताची आळी विचारू लागला. दोन्ही आळ्यांत माणसे जवळपास सारखीच आहेत, हेही त्या पठ्ठ्याने आधी पाहून ठेवले होते, तेव्हा आता चुकायला जागाच नाही असे त्याला वाटले. तांबटांचा एक माणूस जाई तेव्हा साळ्यांचे तीन जात. त्याने चावडीवर उभे राहून जाहीर केले, "या रोगाचे घर साळी आळीत आहे."

झाले! दुसऱ्याच दिवशी साळी आळीच्या तोंडावर बांबूंचे आडवण पडले. लोक साळ्यांची सावलीही टाळू लागले. तांबट निर्धास्त झाले आणि मरण शेजारच्या आळीत राहते म्हणून आनंदाने खोकत, शिंकत हिंडू लागले. साथ संपली तरी आडवण काही निघाले नाही. आणि त्याच आठवड्यात भागोजी साळ्याच्या सगुणेचे ठरलेले लग्न अडले. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी परगावाहून निरोप धाडला, की मुलगी गुणाची आहे, पण मरणाच्या आळीतली सून आम्हाला नको.

नरहरी हे ऐकून चरकला. भागोजीच्या घरी तो कितीदा जेवला होता, सगुणेने त्याला कितीदा वाढले होते. आपल्या एका वाक्याने त्या घराचा घास कडू केला, हे त्याच्या मनाला लागले. पण करतो काय? प्रेते त्याने स्वतः मोजली होती, आणि मोजलेले खोटे कसे म्हणावे?

वैद्यबुवा परतले. त्यांनी आडवण पाहिले, शिष्याचे तोंड पाहिले, सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. रागावले नाहीत. त्यांनी फक्त एवढेच विचारले, की गावजेवण कधी आहे? साथ गेली की देवीच्या माळावर सगळ्या गावाने एकत्र जेवायचे, ही तिथली जुनी चाल होती. पंगती नेहमी आळीवार बसत. बुवांनी नगरशेटांना सांगितले, यंदाच्या पंगती मी बसवणार. शेटजींनी हो म्हटले. वैद्याला नाही कोण म्हणणार! बुवांनी गावात चूलबंद आवतण फिरवले, म्हणजे त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटायची नाही, पाळण्यातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी यायचे. सगुणेच्या होऊ घातलेल्या सासऱ्यालाही बुवांनी मुद्दाम माणूस पाठवून बोलावून घेतले.

जेवणाचा दिवस उजाडला. काय तो थाट! माळावर चुली रांगेने पेटलेल्या, आमटीला उकळी फुटलेली, पोरे त्या वासाने वेडी झालेली. कित्येक महिन्यांनी गाव असे मोकळे हसत होते. लोक आपापल्या आळीच्या जागी बसू लागले, तोच बुवांनी सगळ्यांना उठवले आणि म्हणाले, यंदा वयाने बसायचे. आता वय कोणाला ठाऊक? तेव्हा बुवांनी ठरवून दिले: ज्यांना थोरला दुष्काळ आठवतो त्यांची एक पंगत, लग्न होऊन संसाराला लागलेल्यांची दुसरी, बिनलग्नाच्यांची तिसरी, आणि दुधाचे दात पडायचे आहेत त्यांची चौथी. शिवाय ज्या घरातले माणूस साथीत गेले, त्या घराने त्या माणसाचे पानही त्याच्याच वयाच्या पंगतीत मांडायचे आणि पानावर झेंडूचे एक फूल ठेवायचे.

लोक बुचकळ्यात पडले. बुवांचे आता वय झाले, असे कोणीतरी हळूच पुटपुटलेही. नगरशेट तर सरळ संसारी लोकांच्या पंगतीत जाऊन बसले आणि दुष्काळ आपल्याला मुळीच आठवत नाही म्हणाले. त्यावर सगळा माळ खदखदून हसला, कारण दुष्काळात वडिलांनी धान्याची कोठारे उघडली आणि आपण चिमुकल्या हातांनी पायल्या मापून दिल्या, ही गोष्ट शेटजींनी गावात ऐकवली नाही असे एकही घर नव्हते. शेटजी लाजले, उठले आणि निमूटपणे म्हाताऱ्यांत जाऊन बसले.

पानात पहिले मीठ वाढतात. ते काम बुवांनी नरहरीला दिले. प्रत्येक पानाशी वाकून चिमूटभर मीठ ठेवत तो निघाला. तिसऱ्या-चौथ्या पंगती त्याने भराभर उरकल्या. पोरांची थट्टामस्करी चाललेली, सगुणा मैत्रिणींत मान खाली घालून बसलेली. एवढ्या मोठ्या तरुण पंगतीत फूल एकच होते, आणि तेही एका तांबटाच्या मुलाचे. संसारी लोकांच्या पंगतीत फुले तुरळक, साळ्यांकडे जितकी तितकीच तांबटांकडे.

मग तो दुष्काळ पाहिलेल्यांच्या पंगतीत आला. पूर्वेच्या टोकापासून साळी बसले होते. पाच पानांमागे साधारण एक फूल. नरहरीला वाटले, बघा, माझेच खरे. तो पुढे सरकत राहिला आणि साळ्यांची पंगत काही संपेना. पांढऱ्या डोक्यांमागून पांढरी डोकी. शेवटी पश्चिमेच्या टोकाला तांबटांची मोजकी पाने लागली. थोडेच म्हातारे, थोडीच फुले. पण तिथेही पाचामागे एकच होते.

नरहरी मिठाची वाटी हातात धरून तसाच उभा राहिला.

साळ्यांकडे थकल्या हातांनाही काम असते. कांड्या भरायच्या, सूत उकलायचे, तुटला धागा सांधायचा. त्यामुळे खेड्यापाड्यांतले त्यांचे नातलगही म्हातारपणी याच आळीत येऊन राहत. तांबटांचे उलटे. ठोकून ठोकून कान गेले, खांदा निकामी झाला, की म्हातारा तांबट डोंगरातल्या मूळ गावी निघून जाई. हे गावात कोणाला ठाऊक नव्हते? नरहरीलाही ठाऊक होते. फक्त स्मशानाच्या वाटेवर बसला तेव्हा त्याने गेलेल्यांची आळी विचारली, वय विचारले नाही.

बुवा त्याच्याजवळ आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण जणू एकट्या त्यालाच सांगत असल्यासारखे म्हणाले, "नरहरी, तू खोटे मोजले नाहीस. साळ्यांचे अधिक गेले हे खरेच आहे. पण साळी म्हणून गेले नाहीत, म्हातारे म्हणून गेले. या रोगाला माणसाचा धंदा कळत नाही, त्याला थकलेली छाती कळते. दोन आळ्या तोलायच्या तर म्हातारा म्हाताऱ्याशी तोलावा आणि तरुण तरुणाशी. आणि यात नुसती साळ्यांची बदनामी झाली असे समजू नकोस. तुझ्या बोलण्याने तांबटांना वाटले आपण वाचलो, म्हणून त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांना जपले नाही. ही पश्चिमेची फुले बघ. त्यांतली एक-दोन कदाचित या पानांवर नसती."

नगरशेटांच्या उजव्या हाताला एक फुलाचे पान होते, डावीकडे दोन माणसांपलीकडे दुसरे. त्यांनी दोन्हीकडे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "वैद्यबुवा, मग मला धोका किती?"

"तुम्ही बसलात त्या पंगतीला आहे तितका," बुवा म्हणाले. "तुमची आळी त्यात काही कमीजास्त करत नाही. साथ पुन्हा आली तर घरात बसा, खोकणाऱ्याला लांब ठेवा, आणि तेच या साऱ्या पंगतीसाठी करा."

नरहरीने वाटी खाली ठेवली. सगळ्या गावासमोर तो भागोजीपाशी गेला, त्याच्या पायांवर डोके ठेवले आणि चावडीवर जे बोललो ते परत घेतो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. भागोजीने त्याला उठवले आणि पाठीवर थाप मारली. परगावचा पाहुणा हे सारे संसारी पंगतीतून पाहत होता. तो उठला, सगुणा बसली होती त्या पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला, त्या एकुलत्या एका फुलापाशी हात जोडले, आणि परत येऊन भागोजीला म्हणाला, "व्याही, तिथी तुम्हीच काढा. आणि आता जेवू द्या, आमटी निवते आहे."

मग काय विचारता! हसणे, रडणे, आग्रहाचे वाढणे, सगळे एकाच वेळी सुरू झाले. सगुणेच्या मैत्रिणींनी तिला इतके छळले, की ती पानावरून उठून पळाली. नगरशेटांनी जेवण होण्याआधीच माणसे पाठवून आडवण काढवले. नरहरी मात्र उरलेले सगळे पदार्थ घेऊन म्हाताऱ्यांच्याच पंगतीत फिरत राहिला, साळ्यांना आणि तांबटांना सारखेच वाढत, कोणाला दम लागतो, कोण रात्री खोकते, हे एकेकाला वाकून विचारत. बुवा दुरून पाहत होते. शिष्य आता वैद्य झाला, असे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

अमक्या लोकांत मरण फार, असे कोणी सांगू लागले तर घाबरण्याआधी एवढेच विचारावे, की त्या लोकांत म्हातारे किती आहेत, आणि आपल्यात किती.