टिटवीचा कोरडा ठसा

एका जंगलातून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. तिचे पाय पिवळेधमक, आणि त्या पायांचा तिला भारी तोरा. ही पाय वर करून झोपते, नाहीतर आभाळ खाली येईल, असे सगळे तिला गमतीने म्हणत. मुलांनो, तिला मात्र त्यात गंमत वाटत नसे. कारण त्या जंगलात एक नियम होता. ओढ्यालगतच्या उतारावर कुणाला खणायचे असेल, तर त्याने आधी खालच्या अंगाला दगड-गवताचा बांध घालायचा आणि थोडे खणून दाखवायचे. मग टिटवी बांधाखालच्या पाण्यात जाऊन उभी राही. आपली पिवळी बोटे तळाशी स्वच्छ दिसली, तरच ती बाहेर येऊन ओल्या मातीवर पावलाचा ठसा उमटवी. ठसा म्हणजे परवानगी. तो दिसला की ओढ्यातले सगळे निर्धास्त होत.

एका थंडीच्या सकाळी एक कोल्हा आला. त्याला आपल्या सोयऱ्याधायऱ्यांसाठी उतारावर बिळांची नवी वस्ती करायची होती. बांधाचा पत्ता नव्हता. पळसाच्या पानावर मऊ, भिजवलेली माती मात्र तो बरोबर घेऊन आला होता. "टिटवीबाई, बांधाचे दगड उद्या येतायत," तो म्हणाला. "तुमच्यासारख्या जाणत्यांनी या गार पाण्यात पाय कशाला भिजवायचे? काठावरून नजर टाकली तरी तुम्हाला सगळं कळतं." टिटवीला ते पटले. खरे सांगायचे तर, पटवून घ्यायला ती तयारच बसली होती. पाणी खरोखरच फार गार होते. तिने मान उंच करून ओढ्याकडे एकदा पाहिले आणि कोरडा पाय त्या मातीवर ठेवला. ठसा अगदी सुबक उठला.

कोल्ह्याचे दगड काही आले नाहीत. सारे सोयरे मिळून उकरू लागले आणि तिसऱ्या दिवशी मोकळ्या मातीचा ढीग घसरत घसरत ओढ्यात गेला. पाणी गढूळ झाले. खालच्या डोहात एका बेडकीची शेपटीवाली पिल्ले होती. त्यांतली निम्मी त्या गाळात गुदमरून गेली. सगळे प्राणी काठावर जमले. कोल्ह्याने शांतपणे ते पान पुढे केले. "मी चोरून खणलेलं नाही. हा बघा ठसा."

बेडकी उड्या मारत जवळ आली आणि बराच वेळ ठसा पाहत राहिली. "ठसा बाईंचाच आहे," ती हळूच म्हणाली. "हे कोल्हे खणायला लागले तेव्हा मी पिल्लांना वरच्या डोहात हलवणार होते. पण कोल्ह्यानं हा ठसा दाखवला. म्हटलं, बाई स्वतः पाण्यात उतरून बघून गेल्यात, आता कशाला घाबरायचं? बाईंचं काही चुकलं नाही. माझंच नशीब खोटं."

टिटवीला वाटले, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. आपण पाण्यात उतरलो नव्हतो, हे कोल्ह्याखेरीज कुणालाच माहीत नव्हते, आणि कोल्हा काही बोलणार नव्हता. ती गप्प राहिली असती तर तिचा मान तसाच राहिला असता. पण बेडकी स्वतःलाच दोष देत होती, आणि ते टिटवीला ऐकवेना. शरमेने तिची मान खाली गेली. खाली तिला आपले पिवळेधमक पाय दिसले. तेच पाय आता तिला बघवेनात.

"मी उतरले नव्हते," ती म्हणाली. "पाणी गार होतं, आणि कोल्ह्यानं केलेली स्तुती गोड लागली. तुझं नशीब खोटं नाही गं. ठसा खोटा आहे."

टिटवी गढूळ पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात तिला आपली बोटे दिसेनात. तिथूनच तिने कोल्ह्याला खणणे थांबवायला सांगितले आणि बांधाचा पहिला खडा स्वतः चोचीत उचलून आणला. मग कोल्ह्यालाही दगड ओढावे लागले. पुष्कळ दिवसांनी पाणी नितळले. टिटवी पुन्हा ठसे देऊ लागली, पण त्यानंतर एक फरक पडला. ठसा असला तरी बेडकी आधी स्वतः पाण्यात डोकावून पाही, मगच उरलेल्या पिल्लांना डोहाबाहेर ओढ्यात पोहायला सोडी. टिटवी ते रोज बघे आणि मान वळवून घेई.

तात्पर्य : आपल्या होकारावर दुसऱ्याचा जीव विसंबलेला असतो, म्हणून स्वतः पाहिल्याखेरीज होकार देऊ नये. गढूळ झालेले पाणी नितळते, गेलेला विश्वास तितक्या लवकर परत येत नाही.