वीणेचा पहारा

“मग मी करायला काय हवं होतं, बाबा?”

अच्युतने पुन्हा तेच विचारलं. कोंडिराम महाराज गळ्यात वीणा अडकवून उभे होते. डोळे मिटलेले, बोट तारेवर. मी कोपऱ्यात टाळ पुसत बसलो होतो.

आमच्या मठात वीणा बारा महिने उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की त्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. वय, मान, अधिकार तिथे कुणी बघत नाही.

महिन्यापूर्वी भर दुपारी अच्युत पहाऱ्यावर असताना म्हातारे किसनबुवा समोरच्या खांबापाशी कोसळले. मठाच्या देवळात दुसरं कुणी नव्हतं. अच्युत जागचा हलला नाही. त्याने हाकही मारली नाही. माणसं आली तोवर उशीर झाला होता. बुवा दवाखान्याच्या वाटेवरच गेले.

“वीणा खाली ठेवता येत नव्हती,” अच्युत म्हणाला.

“नव्हती.”

“म्हणजे माझं चुकलं नाही?”

तार वाजत राहिली…

अच्युतचा साक्षीभाव मठात गाजलेला होता. सुखदुःखाकडे नुसतं बघायचं, त्यात शिरायचं नाही, असं तो नव्या साधकांना समजावून सांगत असे. डास चावला तरी हात हलवत नसे. कुणी बघत असेल तर मुळीच नाही. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू.

“त्या वेळी भीती उठली, बाबा. ती मी पाहिली. ती विरून गेली. मग श्वास आत जाताना दिसत होता, बाहेर येताना दिसत होता. इतकं स्थिर मन मला कधी लाभलं नव्हतं. तुम्हीच शिकवलंत, साक्षी हो म्हणून.”

“शिकवलं खरं.”

“मग ही प्राप्ती की पाप? एवढं एकच सांगा. झोप लागत नाही मला.”

“झोप लागत नाही, तेही बघ की.”

अच्युतचा चेहरा उतरला. महाराजांनी डोळे उघडले.

“बाहेर कोण बसलंय?”

“हौसाबाई. किसनबुवांची बायको. सकाळपासून बसली आहे.”

“काय म्हणते?”

“म्हणते, ‘तुमीच व्हतात ना तिथं? जाताना काय म्हनले ते?’”

“मग? काय म्हणाले बुवा?”

अच्युतने दाराकडे पाहिलं.

“ओठ हलले का त्यांचे?”

“हलले असतील.”

“पाणी मागितलं? देवाचं नाव घेतलं? तिचं घेतलं?”

“माझं लक्ष श्वासावर होतं, बाबा.”

“हात कुठे होता त्यांचा? छातीवर, की जमिनीवर?”

अच्युत खांबाकडे बघू लागला.

“आठवत नाही… श्वास आठवतो. तो अगदी लख्ख आठवतो.”

महाराजांनी गळ्यातला पट्टा काढला. वीणा दोन्ही हातांत धरली आणि ते खाली वाकून ती सरळ फरशीकडे नेऊ लागले.

“बाबा, थांबा,” अच्युत ओरडला आणि झेपावला. त्याचा गुडघा फरशीवर आपटला. वीणा टेकायच्या आत त्याने ती धरली.

“हे काय करता? अखंड वीणा आहे ही.”

“हलता येतं की तुला,” महाराज म्हणाले. “हाकही मारता येते.”

अच्युत वीणा छातीशी धरून तसाच बसून राहिला. मग रडू लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि माझा राग कुठच्या कुठे गेला.

“म्हणजे वीणा टाकून मी त्यांच्याकडे जायचं होतं? सांगा ना, बाबा. टाकायची होती का?”

“मला काय ठाऊक. पहाऱ्यावर मी नव्हतो.”

“मग मी साक्षी होतो की नव्हतो?”

महाराजांनी वाकून अच्युतच्या पायांना हात लावला आणि वीणा घेऊन गळ्यात अडकवली. अच्युत त्यांच्या पाया पडायचं विसरला. मलाही काही कळेनासं झालं होतं. आजही नीट कळलंय असं नाही.

“जा. ती थांबली आहे.”

“काय सांगू तिला? देवाचं नाव घेत गेले म्हणून सांगू? तिला तेवढाच आधार…”

मला वाटलं, महाराज हो म्हणतील. कुणाचं काय जाणार होतं?

“तू ऐकलंस ते?”

“नाही.”

“मग?”

“मग सांगायला माझ्याकडे काहीच नाही, बाबा. माणूस माझ्या डोळ्यांसमोर गेला आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.”

तार पुन्हा वाजू लागली. महाराजांचे डोळे मिटले.

“एवढं पाहिलंस ना? मग तिला एवढंच सांग.”