भिवरेची पायरी

उमागिरी महाराज आंबेघळ गावी मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकिकत. कुंभारवाड्याच्या कडेला हिरड्याचं जुनं झाड होतं. त्याखाली महाराज बसत. पुढ्यात धुनी, पाठीशी वाघजाईचा डोंगर. देवीचं ठाणं वर कड्यावर, आणि वाट अशी की शेळीनेही विचार करून पाय टाकावा.

कुंभारवाड्यात भिवरा राहायची. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. घरात ती आणि तिची सासू सगुणाबाई. सासूला ती आत्याबाई म्हणे. सासूची कंबर धरलेली, उभं राहता येत नसे. डोळे मिटण्याआधी आपल्या हाताने वाघजाईच्या पायांवर कुंकू वाहायचं, एवढी एकच आस म्हातारीला उरली होती.

गावचे हैबतराव इनामदार दर नवरात्रात डोलीत बसून देवीला जात. भिवरा त्यांच्या दारी गेली.

"सरकार, एक दिवस डोली मिळाली तर आत्याबाईंना दर्शन घडेल."

हैबतराव पान चघळत हसले. "कुंभाराची म्हातारी डोलीत? उद्या तुझी गाढवंही मागतील. आपली पायरी ओळखून राहावं, भिवरे."

ती तडक हिरड्याखाली आली. "महाराज, इनामदार म्हणतात पायरी ओळख. माझी पायरी कुठली?"

महाराज म्हणाले, "माय, पायरी ओळखायची नसते, घालायची असते. म्हातारी बसत बसत सरकते ना?"

"उंबऱ्यापर्यंत सरकतात."

"मग डोंगराला पायऱ्या घाल. दिवसाला एक. पायरी तेवढी सोडू नकोस."

भिवरेला दगडातलं काही कळत नव्हतं. तिला माती कळत होती. मडक्यांचं काम आटोपलं की ती मातीत लीद आणि भाताचं तूस मळून पाटी डोक्यावर घेई, डोंगराला एक पायरी घाली आणि दोन्ही तळहातांनी दाबून काढी. तिची उजवी करंगळी भट्टीत भाजून वाकडी झाली होती. प्रत्येक पायरीवर ती वाकडी करंगळी उमटायची.

पाऊस आला की सगळं वाहून जाई. तो सरला की भिवरा पुन्हा पायथ्याशी. अशी किती वर्षं गेली, तिलाच ठाऊक. डोलीतून जाताना हैबतराव हाक मारत, "भिवरे, देवी कंटाळून खाली आली की सांग मला." भोईदेखील हसत.

एका वर्षी मात्र पाऊस नावालाच पडला आणि पायऱ्या टिकल्या. भिवरा देवीच्या उंबऱ्याखाली पोचली. फक्त एक पायरी उरली. इकडे सगुणाबाई भाकरीवरून पेजेवर आल्या होत्या, पायांना सूज चढली होती.

आणि घटस्थापनेच्या आदल्या दुपारी आभाळ फाटलं. डोंगरावरून तांबडा लोट आला तो थेट कुंभारवाड्याच्या दारांपर्यंत.

सकाळी सगळीकडे नुसता चिखल. हैबतरावांची डोली निघायच्या तयारीत होती. ते म्हणाले, "बघ, देवीनेच पुसून टाकलं. आता तरी समज."

भिवरा महाराजांपुढे बसली. "मला आता होत नाही, महाराज. आत्याबाई पुढचा पावसाळा बघत नाहीत. मी घालू कुणासाठी?"

महाराजांनी धुनीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, "आजची घातलीस का?"

"नाही."

"मग आजची घाल. बाकीचं देवीचं देवी बघेल."

भिवरेला आयुष्यात पहिल्यांदा महाराजांचा राग आला. तरी हात सवयीने मातीत गेले. पाटी घेऊन ती पायथ्याशी आली, जागा करायला चिखल बाजूला सारला, आणि हाताला काहीतरी कठीण लागलं.

दगड! घडीव, रुंद, काळाभोर. त्यावर दोन तळहात उमटलेले, एकाची करंगळी वाकडी. तिने आपला हात त्या ठशात ठेवला. तो तंतोतंत बसला. दगड कोमट होता, भट्टीतून काढलेल्या मडक्यासारखा. तिने वरची जागा उकरली. तिथेही तेच. त्याच्या वरही तेच. पावसाने माती नेली होती, मेहनत नव्हती नेली. काय म्हणावं या लीलेला!

उकरत उकरत ती वर पोचली, तर उंबऱ्याखालची जागा तेवढी रिकामी होती. भिवरेने पाटी तिथे ओतली आणि आजची पायरी घातली.

मग सासूला घेऊन ती निघाली. सगुणाबाई एकेक पायरी बसत, सरकत, देवीचं नाव घेत चढू लागल्या.

तिकडे चिखलात भोयांचे पाय घसरले, डोली कलंडली. हैबतराव धोतर सावरत पायऱ्यांकडे आले, तर पुढे म्हातारी.

"जरा दमानं या, इनामदार," सगुणाबाई मागे न बघता म्हणाल्या. "इथं डोली जात नाही, बसूनच चढावं लागतं."

आधारासाठी हैबतरावांनी हात टेकला, तो नेमका ठशावर. ऊब हाताला लागली. भिवरेला आपण काय बोललो होतो, ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं. म्हातारी थकली तिथे त्यांनीच तिला पाठीमागून आधार दिला.

सगुणाबाईंनी आपल्या हाताने कुंकू वाहिलं. भिवरा उंबऱ्याशी उभी राहून रडत होती.

महाराज आधीच वर येऊन बसले होते. केव्हा आले, कुणी पाहिलं नाही. हैबतराव त्यांच्या पायांशी वाकू लागले, तसे महाराज म्हणाले, "इथे नको. तिथे."

हैबतराव वळले. शेवटची पायरी अजून ओली होती. इनामदारांनी पागोटं काढलं, गुडघे टेकले आणि कपाळ त्या मातीवर ठेवलं.

"भिवराबाई," ते म्हणाले, "माझी पायरी मला आज कळली."

ती एक पायरी आजही मातीचीच आहे. दरसाल पावसात ती वाहून जाते, आणि घटस्थापनेला गाव ती नव्याने घालतं. पहिली मूठ इनामदारांच्या घरची असते.