पिठाचं ताट

फार पूर्वी, खाडीच्या मुखाशी एक गाव होतं. गाव मोठं हौशी. दर वर्षी जत्रेत मुलींच्या होड्यांची शर्यत लागायची आणि जिंकणारीने सांजेला दीपमाळेचा पहिला दिवा लावायचा. तो लागल्याशिवाय गावात कुणी वातसुद्धा पेटवायचं नाही.

त्या वर्षी जिंकली एका नावाड्याची लेक. रंगाने काळीभोर, केस दाट कुरळे. तिचे पणजोबा समुद्रापलीकडून आले आणि इथल्याच मातीत मिसळले. तरी गाव त्या घराला अजून परकंच म्हणे. तिची आई तर जत्रेला निघताना तोंडाला तांदळाचं पीठ चोळायची, कुणी हसू नये म्हणून.

दीपमाळेपाशी पाटील पिठाचं ताट घेऊनच उभे होते. "पोरी, राजेसाहेब गलबतातून येताहेत. एवढं तोंडाला लाव. गावाची शोभा जायला नको."

आई कुजबुजली, "लाव गं. एवढ्याने काय बिघडतंय?"

मुलीचे डोळे भरून आले, पण मान ताठच राहिली. "पाटीलकाका, शर्यत जिंकले तेव्हा तोंडाला पीठ नव्हतं. दिवा लावीन तो याच तोंडाने. नाहीतर नाही."

पाटलांचा पारा चढला. त्यांनी दुसऱ्या आलेल्या मुलीला पुढे बोलावलं. ती त्यांचीच लाडकी लेक. तिने मशाल हातात घेतली, मैत्रिणीकडे बघितलं आणि मशाल परत दिली.

"बाबा, मी हरलेय. तिचा मान मी नाही घेणार."

तिसरी जागची हलली नाही. चौथी तर चक्क खाली बसली. शाब्बास पोरींनो!

अंधारून आलं. खडकांमधली वाट गलबतांना दीपमाळेच्या उजेडावरच सापडायची. बाहेरून शिंग वाजलं, हाका ऐकू आल्या, "दिवा कुठंय? दिवा लावा!" पाटलांना घाम फुटला. ताट बाजूला सारून त्यांनी मशाल नावाड्याच्या लेकीपुढे धरली.

"चुकलो, पोरी. लाव."

"याच तोंडाने?"

"याच तोंडाने," पाटील म्हणाले, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

दिवा लागला. गलबत सुखरूप आत आलं. उतरताच राजाने विचारलं, "दिवा कुणी लावला?"

"आमच्या गावच्या मुलीने," पाटील म्हणाले.

गर्दीत उभ्या आईने पदराने तोंड खसाखसा पुसलं. मग ती पुढे झाली आणि साऱ्यांदेखत म्हणाली, "माझी लेक आहे ती. माझ्यावर गेलीय!"

तात्पर्य: हिरावून आणलेला मान घ्यायला सगळ्यांनीच नकार दिला, की रंगावरून माणसं तोलणाऱ्याचं काही चालत नाही.