विझलेल्या दिव्यातली वीज

एकदा एका गावी एक वृद्ध वायरमन होता; लोक त्याला वस्ताद म्हणत. त्याचा शिष्य नुकतं लग्न झालेला, हुशार आणि तेवढाच उतावळा. आजचं काम वस्तादाला पसंत पडलं की उद्यापासून त्याला एकट्याने कामं मिळणार होती.

दिवाळीआधीची साफसफाई घरोघर चालली होती. एका घरी शिष्याने मेन बंद करून जळकं बटण काढलं, तारा नव्याने जोडून नवं बसवलं, मेन चालू केला. बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.

घरची वहिनी म्हणाली, "तयार झाला हो तुमचा गडी! आता तुम्ही खाटेवर बसून नुसता चहा प्या."

वस्ताद हसला नाही. "बटण बंद आहे ना? मग दिवा काढ आणि होल्डरमध्ये बोट घाल."

"घालतो की!" शिष्याने दिवा काढून बोट पुढे केलं, तोच म्हाताऱ्याने पेचकसाच्या मुठीने त्याच्या मनगटावर असा तडाखा दिला की डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, मारता काय त्याला?" वहिनी ओरडली.

वस्तादाने टेस्टर होल्डरला टेकवला. टेस्टर उजळला.

"तांबडी तार म्हणजे वीज आणणारी, असं धरलंस. आपल्याकडे भेंडोळ्यात उरेल त्या रंगाची तार ओढतात रे! तू परतीची तार तोडून बटणात घातलीस. दिवा विझतो, वीज मात्र होल्डरात येऊन बसलेली असते." मग तो हळूच म्हणाला, "माझी बायको अशीच सणाआधी ओल्या फडक्याने होल्डर पुसायला चढली. बटण तिने आठवणीने बंद केलं होतं. ते बटण मीच लावलेलं होतं."

शिष्याने मेन बंद करून तारा बदलल्या. मेन चालू करून, बटण बंद ठेवून टेस्टर टेकवला. तो उजळला नाही. तरी त्याचा चेहरा पांढराच.

"वस्ताद, तुम्ही तापाने पडला होतात तेव्हा मागल्या आळीत तीन घरी मी रंग बघूनच बटणं लावलीत."

"मग इथे उभा का?"

शिष्य धावत सुटला. पहिल्याच घरी एक म्हातारी स्टुलावर चढून ओलं फडकं पिळत होती.

"आजी, हात लावू नका!"

"घाबरतोस काय एवढा?" म्हातारी हसली. "तूच बसवलेलं बटण ना? बंद केलंय मी."

त्याने धावत जाऊन तिला कमरेला धरून खाली उतरवलं. मग तिन्ही घरी मेन बंद करून तारा बदलल्या. त्यानंतर 'बंद आहे' हे शब्द टेस्टर लावल्यावाचून त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत.