उपऱ्याची विहीर

खिंड चढून आलात, आधी पाणी प्या. मग बोलू.

हिला उपऱ्याची विहीर म्हणतात. शेजारचा दगडी रांजण रोज गावातलं एक घर भरतं. ते पाणी गावासाठी नसतं, वाटेनं येणाऱ्या परक्यासाठी असतं. आणि त्याचं पिऊन होईपर्यंत त्याला नाव, गाव, जात विचारायची नाही, असा आमच्या मोरकरंज्याचा नेम आहे. म्हणून मीही तुम्हाला अजून काही विचारलेलं नाही.

हा नेम माझ्या पणजोबांचा, हैबती जगदाळ्यांचा. पहिल्या महायुद्धात साहेबाचे भरतीवाले खालच्या बाजाराला आले. जबरदस्ती नव्हती. हैबतीबाबा आपणहून पुढं झाले आणि नाव लिहून आले. कुणी म्हणतं मर्दुमकीसाठी, कुणी म्हणतं पोटासाठी. आमची आजी म्हणायची, दोन्हीसाठी. जहाजात बसेपर्यंत आपण कुणाशी लढायला चाललोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांना समुद्रापार अरबांच्या मुलखात, बसऱ्याकडं नेलं. तिथं एका माघारीत त्यांच्या मांडीत गोळी लागली आणि पलटण पुढं निघून गेली. ते दिवसभर उन्हात सरपटत राहिले. शेवटी एका मातीच्या घरापाशी पोचले. दारात एक म्हातारी बाई उभी होती. भाषा एकमेकांना कळेना. तिनं त्यांच्या खाकी कोटाला बोट लावलं, मग अंगणातल्या खजुराखाली एका ताज्या मातीच्या उंचवट्यावर हात ठेवला आणि पोर जोजवल्यासारखे हात हलवले. खाकीवाल्यांनी तिचा मुलगा मारला होता, एवढं बाबांना समजलं. आता ही आपल्याला मारणार, म्हणून त्यांनी डोळे मिटले.

बाई आत गेली आणि पाण्याचं मडकं घेऊन आली. ते त्यांच्याजवळ ठेवलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. चार दिवस ती असंच पाणी ठेवत होती. एकदाही तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. पाचव्या दिवशी पलटणीची माणसं शोधत माघारी आली आणि त्यांना उचलून घेऊन गेली.

बाबा लंगडत गावी परतले. लढाईचं कुणी विचारलं तर त्या म्हातारीच्या मडक्याचंच सांगायचे. मग एक दिवस कुदळ घेऊन या खिंडीत आले. तेव्हा घाट चढणाऱ्याला इथं थेंबभर पाणी मिळत नसे. ते खणायचे आणि पणजी ठकूबाई डोक्यावरून दगड वाहायची. तीन उन्हाळे गेले. पाच परस, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल गेले, तरी कोरडा खडक. लोक हसायचे.

असं सांगतात, की ठकूबाई एकदा म्हणाली, "त्या माउलीनं पोटचं पोर गेलं असताना पाणी दिलं. आपण अजून काय दिलंय? नुसतं मागतोय." मग तिनं घरातली प्यायच्या पाण्याची एकुलती घागर आणली आणि त्या कोरड्या खड्ड्यात ओतली. दोघं तहानलेले झोपले. सकाळी खडकाला पाझर फुटला होता म्हणे.

विहिरीच्या पूजेला सारा गाव जमला. तेवढ्यात घाटातून एक धुळीनं भरलेला माणूस आला आणि लांबच बसला. जवळ यायची त्याची छाती होईना. पाटलांनी हटकलं, "कुठला रे तू? कुणापैकी?"

तो हात जोडून उठला. "मालक, मी..."

"सांगू नकोस," बाबा म्हणाले. "पाटील, आधी पाणी होऊ द्या. गाव मागनं विचारा."

त्यांनी त्याच्या हातात घागर दिली. तो प्याला. उरलेलं पाणी बाबांनी त्याच घागरीतून सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. पूजा तशीच राहिली, माणसं उठून गेली. वर्षभर गावातल्या कुणी या विहिरीला दोर लावला नाही. आमच्या घरात लग्नकार्याला कुणी आलं नाही. थोरल्या आजोबांची सोयरीक मोडली, तरी बाबांनी माफी मागितली नाही.

पुढच्या चैत्रात गावातल्या विहिरी आटल्या. सगळ्यांत आधी खिंड चढून आली ती पाटलांची बायको. घागर ठेवून ती मान खाली घालून उभी राहिली. बाबांनी काही विचारलं नाही. स्वतः पाणी शेंदलं आणि तिची घागर भरून डोक्यावर दिली. तिच्यामागनं गाव आला.

आजही मोरकरंज्यातली सून लग्नानंतर पहिल्यांदा हा रांजण भरते, मग घरचं पाणी. पोरं पलटणीत जायला निघाली की आई इथवर येते आणि एकच सांगते, कुणाच्या दारात पाणी मिळालं तर विसरू नको.

विहिरीच्या कडेला तो दगड दिसतोय ना, गावानं पुढं त्याच्यावर हैबतीबाबांचं नाव कोरलं. वाचा तुम्ही. त्या म्हातारीचं नाव मात्र आम्हाला ठाऊक नाही. पूजेच्या दिवशी जो पहिल्यांदा प्याला, तो सुद्धा नाव न सांगताच घाट उतरून गेला. मी इथं येतो तेव्हा हात जोडतो, पण त्या दगडाला नाही. वाटेकडं तोंड करून जोडतो.